चांदकपाळीचा अर्थ

भुतांच्या बाबतीत ऋतुजाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. निदान जुळे सोलापुरातल्या तिच्या ओळखीपाळखीत आणि फेसबुकवरच्या त्या एका गटात तरी, जिथं असल्या गोष्टींची पर्वा करणारी चारपाचशे माणसं जमली होती. दिवसभर ती विमा कंपनीच्या ऑफिसात मेलेल्या माणसांचे दावे तपासायची आणि संध्याकाळी घरी येऊन मेल्यावरही गप्प न बसणाऱ्या माणसांची पुस्तकं वाचायची. नवरा म्हणायचा, एका बाईनं मढ्यांच्या नादी लागावं तरी किती! पण कुकर लावून ही बाई पुस्तक घेऊन बसली की शिट्ट्या आपणच मोजायच्या, हे त्यालाही सवयीनं कळलं होतं.

तिचे नियम होते. शेवटी 'हे सगळं स्वप्न होतं' म्हणून हात झटकणाऱ्या लेखकाला ती जाहीर सोलून काढायची. फार बोलणारं भूत तिला चालत नसे. भुतानं कसं, मोजकं बोलावं आणि वेळेवर यावं, एसटीसारखं करू नये. जादूगार, राक्षस, उडते घोडे यांचे जाडजूड ठोकळेही ती वाचायची, पण जीव गुंतलेला हडळीत. 'खोटी आहे हे माहीत असतं म्हणून तर भीती गोड लागते,' असं तिनं एकदा लिहिलं होतं आणि त्या वाक्यावर गटातली माणसं लट्टू झाली होती. माणसाला आपलंच एखादं वाक्य फार आवडायला लागलं की त्याचं काही खरं नसतं. ऋतुजाला ते वाक्य फार आवडायचं.

सयाजी बागल हा मूळचा सांगोल्याकडचा, आता पुण्यात स्थायिक झालेला लेखक. त्याची 'चांदकपाळी' ही कादंबरी ऋतुजानं दोन बैठकांत संपवली. माळावर मेंढरं घेऊन आलेली एक तरणी विधवा, जन्मतःच कपाळावर चंद्रकोर असलेली. दिवस मावळला की ती कोर पेटते आणि तिचा उजेड ज्या कोकरावर पडेल ते सकाळी मेलेलं सापडतं. मग नुसत्या कोकरांवर तिचं भागत नाही. मळ्याच्या मालकाचं तान्हं लेकरू ती मांडीवर घेते, आणि पुढची पन्नास पानं ऋतुजाला घाम फुटलेला होता. आपल्याकडच्या माळावरची, आपल्याकडच्या मेंढरांतली हडळ तिला पुस्तकात पहिल्यांदाच भेटत होती. तिनं भरभरून लिहिलं. कपाळावरच्या कोरीची कल्पना तर तिला इतकी भावली की नुसतं त्यावरच दोन परिच्छेद खर्ची घातले. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या लेखातली वाक्यं तिच्या नावासकट मागच्या पानावर छापून आली आणि लेखकानं सहीची प्रत कुरियरनं पाठवली. ऋतुजाला आकाश ठेंगणं झालं. नवी पेठेत साडी घ्यायला गेली तरी ते पुस्तक तिच्या पर्समध्ये होतं.

साडी होती मायाक्का आत्यासाठी. मायाक्का म्हणजे ऋतुजाच्या वडिलांची थोरली बहीण. मेंढरांमागं फिरताना ऐन तारुण्यात तिचा नवरा साप चावून गेला. तान्ह्या धनाजीला कडेवर घेऊन ती सांगोल्याच्या आतल्या अंगाला, माळावरच्या त्या मेंढपाळांच्या वस्तीवर माहेरी आली, ती कायमची. ऋतुजा शाळेसाठी सोलापूरला येईपर्यंत तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. आत्याचा पदर बारा महिने भुवयांपर्यंत ओढलेला असायचा. लहानपणी एकदा ऋतुजानं खेळताना तो ओढला, तेव्हा खाली भाजल्याचा जुना वण दिसला. "चुलीत पडले व्हते," आत्या म्हणाली. लेकरं पुढचं विचारत नाहीत, आणि विचारण्याजोगी होतात तोवर त्यांना दुसरे उद्योग लागतात. ऋतुजाच्या वडिलांना, आदिनाथला, सगळं ठाऊक असणार. पण ते दोन वर्षांपूर्वी वारले, आणि जिवंत होते तेव्हाही बहिणीच्या सासरचा विषय निघाला की शेरडं कुठं गेली बघायला उठायचे.

आता वस्तीवर धनाजीच्या मुलाचं बारसं होतं. नवससायास करून झालेलं पहिलंच लेकरू. नात्यानं ऋतुजा त्याची आत्या, म्हणजे नाव ठेवायचा मान तिचा. तिनं पाळण्यात वाकून लेकराच्या कानात कुर्र केलं, 'यशवंत' हे नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत दणादण बुक्क्या घातल्या. दगडाबाईची बुक्की सगळ्यांत जड. दगडाबाई ही मायाक्काची शेजारीण, विरजणापासून सुखदुःखापर्यंत सगळं एकमेकींच्यात चालायचं. घुगऱ्या वाटून झाल्या, जेवणं झाली, आणि दुपारी सगळे लिंबाखाली टेकले. लेकरू मायाक्काच्या मांडीवर झोपलं होतं. जन्मल्यापासून ते तिथंच झोपायचं. त्याची आई वैष्णवी हसून म्हणायची, दूध पाजायला तेवढं मला देतात.

धनाजीनं पुस्तक सगळ्यांना फिरवून दाखवलं. "आमच्या ऋतीचं नाव छापून आलंय. ह्ये बगा, मागं."

"मग वाच की पोरी," वस्तीवरचा म्हातारा ज्ञानबा म्हणाला. "आमी बी ऐकतो."

इथं थोडं सांगायला हवं. या वस्तीवर छापील पुस्तक मोठ्यानं वाचायची एकच रीत होती. श्रावणात बिरोबाच्या देवळात पोथी लागायची. एकजण वाचणार, थांबणार, आणि दुसरा त्याचा अर्थ सांगणार. कोण कुणाचा, हा राजा म्हणजे कोण, ते रान म्हणजे कुठलं, सगळं फोडून. अर्थ सांगायचं काम वर्षानुवर्षं ज्ञानबाकडं होतं. त्याला अक्षर येत नव्हतं आणि त्यानं त्याचं काही अडलंही नव्हतं. ऋतुजा बाजेवर बसली तसा म्हातारा आपोआप तिच्या शेजारी येऊन बसला, टोपी सारखी केली आणि पहिल्या वाक्याची वाट बघू लागला.

ही बनवलेली गोष्ट आहे, हे आधीच सांगून टाकावं असं ऋतुजाच्या मनात आलं होतं. पण त्यानं मजा जाते. भुताच्या गोष्टीआधी 'घाबरू नका' म्हणणारा माणूस तिला मुळीच आवडत नसे.

"'माळ उन्हानं करपला होता,'" ती वाचू लागली. "'बागेच्या खालच्या अंगाला एकटी बाभूळ. तिच्या आडोशाला त्या बाईनं वाडा बसवला.'" आणि थांबली.

"म्हंजे मेंढरं खताला बसवली," ज्ञानबानं फोड केली. "मालकाच्या रानात मेंढरं बसवायची, त्यानं जवारी द्यायची. आन बागंखाली एकटी बाभळ. म्हंजे आपल्याच वळणाचं रान हाय ह्ये."

माना डोलल्या. ऋतुजाला आतून गुदगुल्या होत होत्या. भयकथेचं पारायण! संध्याकाळी गटावर टाकायचं वाक्य ती वाचता वाचताच जुळवत होती.

"'पहाटे तीन कोकरं ताठ झालेली सापडली. जखम नाही, रक्ताचा थेंब नाही.'"

"म्हंजे नजर. रगत न्हाई, जकम न्हाई, म्हंजे नजरंनं खाल्लं."

बायका जवळ सरकल्या. ऋतुजानं आवाज खाली आणला. हे तिला छान जमायचं. "'तिनं पदर मागं सारला. आणि तिच्या कपाळावरची चंद्रकोर निखाऱ्यासारखी पेटली.'"

ज्ञानबा बोलेना. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. पोथीत अडकल्यावर तो जसा डोळे बारीक करायचा तसे त्यानं केले.

"कोर कुटली पेटती," तो शेवटी म्हणाला. "म्हंजे डाग. इळा लाल करून कपाळावर दिल्याला डाग. तो कोरीवानीच उमटतो. आन ह्ये रान म्या बगितलंय. बागलाचा मळा. त्या साली माजा वाडा वड्याच्या पल्याड व्हता. त्येंचं लेकरू मेलं, कोकरं बी मेली, तवा एका रांडमुंड बाईला बाभळीला बांदून डागली व्हती. कुणाची कोण, कळलं न्हाई. अंगावरचं प्वार घिऊन रातीतनंच गेली कुटं तरी." त्याचा चेहरा उजळला, कारण अर्थ लागला होता. "म्हंजे ही गोष्ट खरी हाय. ती बाई म्हंजे..."

आणि इथं मायाक्काचा हात पदराकडं गेला. पदर होता तिथंच होता, तरी तिनं तो आणखी खाली ओढला, आणि ज्ञानबाची नजर तिथंच थांबली. तो हात वर गेला नसता तर कदाचित ज्ञानबा दुसरं काही बोलला असता. तो काही दुष्ट माणूस नव्हता. अर्थ सांगायला बसला होता आणि अर्थ त्याच्यासमोरच बसलेला होता.

"मायाक्का," दगडाबाईनं विचारलं, "तुजं कपाळ कशानं भाजलं गं?"

"चुलीत पडले व्हते."

"चूल अशी कोरीवानी भाजती व्हय? न्हाताना बगितलाय म्या त्यो वण."

"अहो, कादंबरी आहे ही!" ऋतुजा बाजेवरून उठलीच. "खोटी आहे. लेखकानं मनानं रचलीय सगळी. कोर नाही, हडळ नाही, काही नाही!"

"छापलंय की पोरी," ज्ञानबा समजुतीनं म्हणाला. "आन मागं तुजंच नाव हाय न्हवं? धना, वाच रं काय लिवलंय तिनं."

धनाजीनं पुस्तक उलटं केलं. त्याला अजून नीट काही उमगलं नव्हतं. शाळेत वाचावं तसं त्यानं मोठ्यानं वाचलं. "'ही हडळ कल्पनेतली वाटतच नाही. ही बाई खरी आहे आणि अजूनही कुठंतरी आपल्यात वावरते आहे, असं वाटून मी दोन दिवस दिवा चालू ठेवून झोपले. ऋतुजा, सोलापूर.'" शेवटच्या शब्दांना त्याचा आवाज बसत गेला.

वैष्णवी उठली. सासूच्या समोर वाकून म्हणाली, "द्या, भुकेला आलाय." लेकरू गाढ झोपेत होतं. तिनं ते उचललं, पदराखाली घेतलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. मायाक्काची मांडी तशीच पसरलेली राहिली. तिच्या लुगड्यावर लेकराच्या डोक्याच्या जागी घामाचा ओला गोल उमटला होता.

पुढं काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. आठवड्याच्या आत वैष्णवी लेकराला घेऊन माहेरी गेली आणि निरोप धाडला, सासू घरात असेतोवर येणार नाही. दगडाबाईनं विरजण न्यायचं बंद केलं. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. वस्तीवरच्या तान्ह्या लेकरांच्या आया मायाक्का दिसली की वाट बदलत एवढंच. धनाजीनं आईला मेंढरांच्या वाड्यालगतच्या छपरात राहायला पाठवलं आणि ऋतुजाला फोन केला. "तू लावलीस आग. आता तूच इजव."

ऋतुजानं लेखकाला फोन लावला.

"म्हणजे ती बाई मेली नाही?" सयाजी बागल अक्षरशः आनंदानं ओरडला. "अहो, आमच्या आजोबांच्या मळ्यातली हकीकत ती. वडील सांगायचे. कुठंतरी मेली असेल असंच घरात सगळे धरून होते. काय सांगताय! भेटता येईल का तिला?"

"सर, तिला तिच्या घरात जागा राहिली नाही. तुम्ही सहीनिशी चार ओळी लिहून द्या. की कोकरं रोगानं मेली, तुमच्याकडचं मूल तापानं गेलं, तिचा काही दोष नव्हता. मी गावात वाचून दाखवते."

"पहिल्याच पानावर छापलंय ना, पात्रं आणि प्रसंग काल्पनिक म्हणून. त्याउपर मी काय लिहू? शिवाय आमच्या घराण्याचं नाव त्यात येतं, उद्या कुणी पोलिसांत गेलं तर?" मग त्याचा आवाज मऊ झाला. "आणि मॅडम, ती खरी वाटते असं तर तुम्हीच लिहिलंत. खरं सांगू, त्या वाक्यानं पुस्तकाला फार हात दिला."

ऋतुजानं फोन ठेवला आणि ती संतापानं रडली. मग तिनं गटावर दुसरा लेख लिहिला. सगळं लिहिलं, नुसतं आत्याचं नाव लपवून. हे पुस्तक एका जिवंत बाईच्या भाजलेल्या कपाळावर उभं आहे, असं लिहिलं. खाली प्रतिसाद आले. 'ताई, पुस्तक पुस्तकासारखं वाचावं.' 'नातेवाईक म्हणून नको, वाचक म्हणून लिहा.' 'बाप रे, म्हणजे सत्यघटना आहे! आजच मागवतो.' तिसरा प्रतिसाद सगळ्यात जास्त लोकांना आवडला.

पंधरवड्यानं ती एकटीच वस्तीवर गेली. मायाक्का छपरात बसून लोकर कातत होती. पदर डोक्यावर होता, पण कपाळ उघडं. आता झाकून तरी काय करायचं होतं? तो वण खरंच कोरीसारखा होता, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता. ऋतुजाला त्याकडं बघवेना आणि दुसरीकडंही बघता येईना.

"पुस्तक आणलंस का?" आत्यानं विचारलं. "त्या दिशी अर्धंच ऱ्हायलं. पुढलं वाच."

"नको ना, आत्या."

"वाच म्हंते न्हवं. माजंच हाय तर मला तरी कळू दे."

पुस्तक पर्समध्येच होतं. बदलून वाचावं, गाळून वाचावं, असं ऋतुजाच्या मनात दहादा आलं. पण आत्यासमोर तिची जीभ वळेना. तिनं शेवटची पानं होती तशी वाचली. गाव मशाली घेऊन येतं. ती बाई छपरात आहे. लोक बाहेरून कडी घालतात आणि छपराला आग लावतात. आगीतही ती कोर चमकत राहते आणि मग विझते.

मायाक्का कातता कातता ऐकत होती. "मला जाळलं न्हाई त्येंनी," ती म्हणाली. "डागलं आन सोडलं. लेकरू त्येंचं तापानं फणफणल्यालं. त्येची आई जागून जागून पडली व्हती, म्हणून म्या मांडीवर घेतलं. माज्या मांडीवरच गेलं ते." तिनं तुटलेला धागा पुन्हा जोडला. "आदिनाथला तेवढं सांगितलं व्हतं. त्यो लई रडला व्हता."

ऋतुजानं पुस्तक मिटून पर्समध्ये टाकलं.

"ऋते, एक विचारू? ह्ये तू पयल्यांदा वाचलंस. सोलापुरात, तुज्या घरात. तवा मी हाय ह्ये तुला ठावं न्हवतं. मग वाचताना तू कुणाकडनं व्हतीस?"

ऋतुजाला ते वाचन लख्ख आठवलं. मशाली आल्या तेव्हा ती उठून बसली होती. पुस्तकात वारा पडला होता, छपराचं गवत ओलं होतं, ते पेट घेईना, आणि ऋतुजा मनातल्या मनात म्हणत होती, लवकर, लवकर, ती बाहेर येईल. शेवटी ज्वाळा उठल्या तेव्हा तिनं पुस्तक छातीशी धरलं होतं आणि तिला इतकं हायसं वाटलं होतं की ती उठून घटाघटा पाणी प्यायली होती. कडी घालणाऱ्यांत ती सगळ्यांच्या पुढं होती.

"तुझ्याकडनं, आत्या," ती म्हणाली. "पहिल्यापासून तुझ्याकडनं."

मायाक्काचा चेहरा सैल झाला. बऱ्याच दिवसांत तिच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. ती उठली, कोपऱ्यातल्या फडताळातून स्टीलचा छोटा डबा काढला आणि ऋतुजाच्या हातात दिला. "म्हशीचं तूप हाय. कालच कढवलं. धनाकडं दिलं तर तिकडं कुणी खात न्हाई आता. तुज्या लेकीला घाल, गरम भातावर."

ऋतुजानं तिला मिठी मारली, पाया पडली, आणि एसटीत सबंध रस्ताभर डबा मांडीवर सांभाळून आणला.

घरी जेवणाची पानं घेतली होती. तिची सहा वर्षांची मुलगी डब्याचं झाकण काढून आत बोट घालून बसली.

"खाऊ नको!" ऋतुजा इतक्या जोरानं ओरडली की नवरा स्वयंपाकघरात धावत आला.

"काय झालं?"

"वास मारतंय तूप. खराब झालंय."

त्यानं डबा नाकाशी नेला. तूप रवाळ होतं, ताजं, विड्याचं पान घालून कढवलेलं. "मला तर नाही येत वास," तो म्हणाला. ऋतुजानं त्याच्या हातातून डबा काढून घेतला आणि झाकण घट्ट लावून ओट्याखालच्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. मग मुलीला बेसिनपाशी नेलं आणि तिचं ते बोट साबणानं धुतलं, आणि ते स्वच्छ झाल्यावर पुन्हा एकदा धुतलं.